बरणीतला अंधार

माझे वडील दिग्दर्शक होते आणि प्रयोग चालू असताना त्यांनी रंगमंचाकडे पाहिल्याचे मला आठवत नाही. तालमीत नटाच्या बोटाचे पेर उगाच हलले तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. प्रयोगाच्या दिवशी मात्र ते डाव्या बाजूच्या उभ्या झालरीला, म्हणजे विंगेच्या कापडाला, स्वतःच्या डोळ्याच्या उंचीवर, एक भोक पाडून घेत आणि तिसऱ्या घंटेपासून शेवटापर्यंत त्या भोकातून प्रेक्षकांकडे पाहत उभे राहत. नाटक कसे चालले आहे हे नटांकडे पाहून कळत नाही, पुढच्या रांगेतल्या माणसाची मान कधी वळते आणि पाय कधी हलतो यावरून कळते, असे त्यांचे मत होते. अमरावतीतल्या दोन-तीन मंडळांच्या झालरींना अशी भोके होती. चिटणीस तक्रार घेऊन घरी आले की आई त्यांच्यासमोर सुई-दोरा ठेवी.

मी पदार्थविज्ञानाची विद्यार्थिनी. परिणाम मोजायचा तर तो जिथे घडतो तिथे मोजावा, ही त्यांची पद्धत मला लहानपणापासून पटलेली होती. पुढे जे घडले त्याचा उलगडा मला त्या भोकामुळेच झाला, म्हणून त्याचा उल्लेख आधी केला.

बाबा तरुणपणी एका फिरत्या नाटक मंडळीबरोबर घरातून गेले. मंडळी बुडाली तेव्हा ते पुण्याच्या एका स्टुडिओत सहायक म्हणून लागले आणि बऱ्याच वर्षांनी, मी प्राथमिक शाळेत असताना, त्यांना स्वतंत्रपणे एक चित्रपट मिळाला. तो अमरावतीला आला त्या दिवशी आईने मला नवे परकर-पोलके घातले होते. पडद्यावर बाबांचे नाव आले आणि गेले. नंतर नाच आले, एक विनोदी नोकर आला, देवीचा चमत्कार आला. बाबांनी नदीकाठी चित्रित केलेला, ज्याबद्दल ते घरी सतत बोलत, तो पहाटेचा प्रसंग आलाच नाही. निर्मात्याने तो कापून टाकला होता. घरी परतताना आई म्हणाली, "सगळ्यायचं दिसलं. तुमचं काहून काहीच नाही दिसलं?" तिने ते हिणवायला म्हटले नव्हते. तिच्या माहेरची, दर्यापूरकडची माणसे खरे बोलतात आणि ऐकणाऱ्याने ते सोसायचे असते.

चित्रपट आठवडाभर चालला. त्यानंतर पुण्याहून बोलावणे आले नाही. बाबा राजापेठेतल्या घरी कायमचे परतले, एका शाळेत मराठी शिकवू लागले आणि संध्याकाळी हौशी मंडळींची नाटके बसवू लागले. घरात त्यांच्या कामाविषयी बोलताना "पहिला चित्रपट" असा शब्दप्रयोग होई. दुसरा नव्हता, तरीही "पहिला". त्या एका विशेषणाच्या आधारावर आमच्या घराने दहा-बारा वर्षे काढली.

तालमी एका जिनिंग फॅक्टरीच्या रिकाम्या गोदामात होत. कापसाचा हंगाम संपला की मालक ते वापरू देत. गठाणी गेलेल्या असत, पण रुईचे तंतू हवेत, छताच्या वाशांवर आणि नटांच्या घशात राहत. उन्हाळ्यात पत्रे तापत. बाबा शाळेतून थेट येत, एका उलट्या टोपलीवर बसत आणि कोणाचे चुकले की न रागावता म्हणत, "पुन्हा." त्यांचा राग पुण्यातच संपला असावा. उरलेला शब्द "पुन्हा" एवढाच होता आणि तो ऐकून नट रागावण्यापेक्षा जास्त थकत.

मुख्य भूमिका करणारे आमचे एक नट भातकुलीचे होते, सरकारी कचेरीत कारकून. त्यांचे कुटुंब छप्पन साली बौद्ध झाले होते; घरात शिकून नोकरीला लागलेले ते पहिले. कचेरीतून सुटले की सायकलवर गोदामात येत आणि दारातच बाबांना विचारत, "सर, आज म्हाताऱ्याले किती वेळा बसवता?" कारण बाबांच्या त्या नाटकात शेवटी एक म्हातारा बाजेवर नुसता बसून राहतो.

नाटक बाबांनी स्वतः लिहिले होते. जिनातला एक म्हातारा राखणदार. घरातली माणसे एकेक करून निघून जातात. शेवटी संध्याकाळ होते आणि तो एकटा बसतो. संवाद नाही, संगीत नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा प्रकाश फक्त कमी होत जातो, एक विडी ओढून व्हावी इतक्या सावकाश, आणि पूर्ण अंधार झाल्यावरच पडदा पडतो. चित्रपटातून कापली गेलेली पहाट बाबांनी इथे संध्याकाळ करून परत आणली होती, हे माझ्या लक्षात आले होते. मी ते त्यांना कधी बोलून दाखवले नाही.

हा प्रकाश कमी करण्याचे काम माझ्याकडे होते. साधन होते आईची लोणच्याची मोठी चिनी मातीची बरणी. बरणीत पाणी, पाण्यात थोडे मीठ, तळाशी शिशाचा एक पत्रा आणि वरून दोरीने खालीवर होणारा दुसरा. डब्यात बसवलेल्या मोठ्या दिव्याची वीज या पाण्यातून जाई. वरचा पत्रा खाली सोडला की दिवा उजळे, वर ओढला की मंदावे. मीठ कमी पडले तर दिवा पुरता पेटत नाही. जास्त झाले तर पत्रा कितीही वर ओढा, दिवा मंदावतच नाही, आणि पत्रा पाण्याबाहेर आला की एकदम विझतो. सारे कौशल्य मिठाच्या प्रमाणात होते. फिरत्या मंडळींमध्ये ही युक्ती जुनी होती. आईला मात्र ती मान्य नव्हती. एकदा मी बरणी परत नेऊन दिली तेव्हा ती म्हणाली, "नाटकाच्या बरणीत लोणचं घालाले मी काय येडी हाय का? ने तुह्या बापाले."

बाबांचा एक रिवाज होता. प्रयोगापूर्वी नारळ फुटला, हळदकुंकू वाहिले की बरणीत मीठ ते स्वतःच्या हाताने टाकत. त्यांच्या मंडळीचे मालक तसे करत म्हणून. प्रमाण मी आधी मोजून कागदात ठेवी. टाकण्याचा मान त्यांचा.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा अकोल्याहून निरोप आला. पुण्याच्या स्टुडिओत बाबांबरोबर सहायक असलेले, एका खोलीत राहिलेले त्यांचे एक मित्र आता मुंबईत निर्माते झाले होते. कलकत्त्याला जाताना ते एक दिवस अकोल्याला, ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे उतरणार होते. त्यांना गावाकडचे एक कथानक करायचे होते आणि गाव माहीत असलेला दिग्दर्शक हवा होता. तुझे काही चालू असेल तर दाखव, एवढेच त्यांनी कळवले होते.

बाबांनी निरोप ऐकून चष्मा पुसला. आनंद दाखवण्याची त्यांची सवय मोडली होती. पण दुसऱ्या दिवसापासून तालमीत "पुन्हा" हा शब्द दुप्पट झाला आणि भातकुलीचे नट म्हणाले, "ताई, सरायले दुसरं पिक्चर भेटो, नाही तं मी त्या बाजेवरच मरून जाईन."

मलाही ते हवे होते, आणि माझा हेतू पूर्णतः निःस्वार्थी नव्हता. मला एम.एस्सी.साठी नागपूरला जायचे होते. बाबांना चित्रपट मिळाला असता तर त्यांना गोदामात, "पहिला" या विशेषणाबरोबर, सोडून जाण्याचे ओझे माझ्यावर राहिले नसते.

मे महिन्यात आम्ही सारी मंडळी त्यांना प्रयोग दाखवायला बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला गेलो. बरणी गोणपाटात गुंडाळून मी मांडीवर घेतली होती. डब्याच्या खिडक्यांतून झळा येत होत्या आणि बाबा डोळे मिटून बसले होते. झोपलेले नव्हते, ओठ हलत होते. तिसरा अंक ते पुन्हा म्हणून पाहत होते.

अकोल्याला पोहोचल्यावर मी पहिले काम पाण्याचे केले. दर्यापूर, अकोला हा सारा पूर्णेचा खाऱ्या पाण्याचा पट्टा. आजोळी विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही हे मला लहानपणापासून माहीत होते. नाट्यगृहामागच्या विहिरीचे पाणी बरणीत भरून मी मीठ न घालता दिवा लावून पाहिला. पुरेसा उजळला आणि पूर्णपणे मंदावला. त्या पाण्यात निसर्गानेच जवळपास हवे तेवढे मीठ घातलेले होते. मी बाबांना सांगितले की आज मीठ घालायचे नाही, घातले तर शेवट बिघडेल. त्यांनी लगेच मान्य केले. पूजेच्या वेळी कागदातले मीठ चिमटीत घेतले, बरणीच्या तोंडावरून फिरवले आणि परत कागदात ठेवले. कागद पूजेच्या ताटात राहिला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

मित्र वेळेवर आले. पांढरा सफारी सदरा, हातात टॉर्च. बाबांना त्यांनी मिठी मारली आणि "अजून तसाच आहेस" म्हणाले. त्यांच्या यजमान व्यापाऱ्यांनी त्यांना पहिल्या रांगेत मधोमध बसवले. तिसरी घंटा झाली. बाबा झालरीच्या भोकाशी गेले, मी बरणीशी बसले.

पहिले दोन अंक मी अजूनही दोष न काढता आठवू शकते. दिवा मी सांगेन तसा वागत होता. भातकुलीच्या नटांनी सून निघून जाते त्या प्रसंगात असे काही केले की प्रेक्षागृहात पंख्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. दुसऱ्या अंकाचा पडदा पडला तेव्हा मी शिडीवर चढून दिव्यापुढचा निळा कागद काढून पिवळा लावला. खाली उतरले तेव्हा बाबा भोकाजवळ नव्हते, बरणीजवळून परत भोकाकडे जात होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. घाई असेल असे मला वाटले.

शेवटचा प्रसंग आला. म्हातारा बाजेवर बसला. मी दोरी हळूहळू ओढू लागले. पत्रा वर येत होता आणि दिवा तसाच होता. आणखी ओढली. प्रकाश किंचित पिवळा झाला आणि तिथेच थांबला. बरणीतले पाणी सूं-सूं करू लागले. त्या शांततेत तो आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला असेल. पत्रा आता पाण्याच्या पृष्ठभागाशी होता. पुढे ओढला असता तर ठिणगी पडून दिवा एकदम विझला असता. इतक्या महिन्यांची संध्याकाळ एका झटक्यात संपली असती. मी खुणेसाठी बाबांकडे पाहिले.

ते पाठमोरे, भोकाला डोळा लावून उभे होते. पाणी उकळत होते तरी वळले नाहीत.

रंगमंचावर भातकुलीच्या नटांना सांगितलेले होते की अंधार होईपर्यंत हलायचे नाही. ते हलले नाहीत. भगभगीत उजेडात एक म्हातारा बसला होता आणि त्याला आता करण्यासारखे काही उरले नव्हते. काही वेळाने मागून कोणी तरी ओरडले, "लाइट बंद करा ना बे, झोपू द्या बुढ्याले." सगळे प्रेक्षागृह हसले. मी दोरी ओढली. ठिणगी पडली, अंधार झाला, पडदा पडला.

भातकुलीचे नट दाढी उतरवत आत आले. "ताई, अंधारच येऊन नाही राह्यला. मंग काय करू? बसून राह्यलो," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मी वीज तोडली आणि पाणी जरा निवल्यावर बरणीत बोट बुडवून जिभेला लावले. समुद्रासारखे खारट. पूजेच्या ताटातला कागद रिकामा होता.

मी पुढे बाबांकडे जाणार तोच यजमानांनी मला बाजूला घेतले. पाहुणे दुसऱ्या अंकानंतर उठले, त्यांना मेल पकडायची होती, असे त्यांनी सांगितले. "काम चांगलं आहे म्हणाले. बाबांना सांगा, मुंबईला आलात तर भेटा." यजमान सज्जन होते, हा निरोप काय आहे हे त्यांना कळत होते, म्हणूनच तो त्यांनी बाबांना न सांगता मला सांगितला. माणूस हवा असेल तर त्याला मुंबईला आलात तर भेटा असे म्हणत नाहीत. कधी यायचे ते कळवतात.

निरोप माझ्यापाशी राहिला, कारण मी पोहोचण्याआधी बाबांनी स्पष्टीकरण तयार ठेवले होते. सगळ्या मंडळींसमोर ते म्हणाले, "मीठ मी टाकलं. पूजेच्या वेळी, सवयीनं. तिनं बजावलं होतं तरी हात गेला. शेवट माझ्या हातानं घालवला. त्यानं नाटक पाहिलं, पण शेवट नासला. आता तो कशाला विचारतोय." मंडळी हळहळली. एकाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी अतिशय दमलेली होते; कागद ताटात ठेवल्यावर, माझी पाठ वळताच हात गेला असेल असे मानून त्या क्षणी मला त्यांचे म्हणणे खरे वाटले.

सकाळच्या पॅसेंजरने आम्ही परतलो. मुंबईहून नंतर काहीही आले नाही. दोन वर्षांनी त्या मित्रांचा गावाकडचा चित्रपट आला, दिग्दर्शक दुसरेच होते. बाबांनी तो पाहिला नाही. घरात "पहिला चित्रपट" म्हणणे कधी थांबले ते सांगता येत नाही. आता "तो चित्रपट" म्हणतात.

मिठाची गोष्ट मात्र वाढत गेली. शाळेतल्या शिक्षकांना, नव्या नटांना, स्नेहसंमेलनात नाटक बसवायला बोलावणाऱ्या विद्यार्थ्यांना बाबा ती सांगत: मूठभर मिठाने माझा दुसरा चित्रपट घालवला. सांगताना ते स्वतः हसत. झोपू द्या बुढ्याले, हे वाक्य ते अकोल्याच्या त्या प्रेक्षकापेक्षा चांगले म्हणत.

नागपूरला गेल्यावर प्रयोगशाळेत मला क्षारद्रावणाच्या वाहकतेचा एक साधा प्रयोग करायचा होता. मीठ वाढवायचे, प्रवाह मोजायचा. काचेच्या पात्रात मीठ टाकताच काटा सरकला, आणि मी हातातली चिमटी तशीच धरून उभी राहिले. मीठ पूजेच्या वेळी पडले असते तर पहिल्या अंकापासून दिवा मंदावला नसता. दोन अंक तो निर्दोष चालला होता. म्हणजे मीठ दुसऱ्या अंकानंतर पडले. तेव्हा मी शिडीवर होते आणि बाबा बरणीजवळून भोकाकडे जात होते. आणि भोकातून पहिल्या रांगेचा मध्य दिसत होता.

बाबांनी खुर्ची रिकामी होताना पाहिली होती. मान कधी वळते आणि पाय कधी हलतो हे आयुष्यभर पाहणाऱ्या माणसाने, ज्याच्यासाठी सारे केले त्याला उठून जाताना पाहिले होते. नंतर ते बरणीशी आले असतील, ताटात कागद दिसला असेल, आणि ज्या हाताने वर्षानुवर्षे मीठ टाकले त्या हाताने डोक्याला न विचारता ते टाकले असेल. मिठामुळे चित्रपट गेला नव्हता. चित्रपट गेला होता म्हणून मीठ पडले. सगळे कारण-कार्य उलटे होते आणि त्यांनी ते उलटे करून आम्हा सर्वांना दिले होते.

हा निष्कर्ष मी सुटीत आईला सांगितला. ती तांदूळ निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "मले मालूम हाय. तू आता त्याईले सांगत बसू नको." कधीपासून माहीत आहे, असे मी विचारले. तिने खडे बाजूला केले आणि तांदळाची पुढची मूठ घेतली.

मी सांगत बसले नाही, पण विचारले. शाळेच्या स्नेहसंमेलनाची तयारी चालली होती. प्रयोगशाळेतून बाद झालेला तारेचा एक मंदक मी नागपूरहून त्यांच्यासाठी आणला होता, बटण फिरवले की दिवा मंदावतो, पाणी नको आणि मीठ नको. त्यांनी तो कौतुकाने पाहिला, कपाटावर ठेवला आणि बरणी काढली. आम्ही दोघे शाळेच्या रंगमंचावर होतो. मी पत्रे घासत होते.

"बाबा," मी म्हटले, "अकोल्याला मीठ दुसऱ्या अंकानंतर टाकलंत ना?"

ते झालरीला भोक पाडत होते. कात्री थांबली.

"हो," ते म्हणाले. कात्री खाली ठेवून म्हणाले, "तो निघताना वाकून निघाला. मागच्यांना दिसावं म्हणून. तेवढी रीत त्याला अजून होती."

"मग सगळ्यांना पूजेच्या वेळचं का सांगता?"

"मिठाची गोष्ट सांगता येते गं. खुर्चीची काय सांगणार?"

माझ्याकडे यजमानांचा निरोप अजून होता. तो द्यायची गरज उरली नव्हती. त्यात जे होते ते बाबांनी माझ्याआधी, भोकातून, वाचले होते. त्यांनी भोकाची कड बोटाने दाबून सारखी केली आणि विचारले, "पाणी कुठलं आहे?"

"अमरावतीचं. गोडं."

"मग मीठ लागेल," ते म्हणाले, आणि कागद उचलून माझ्यापुढे धरला. "तू टाक. माझ्या हाताचा भरवसा नाही."

मी मोजलेले मीठ पाण्यात सोडले आणि पत्रा खाली उतरवला. दिवा सावकाश उजळला. बाबा भोकाला डोळा लावून रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत होते. "पुन्हा," ते म्हणाले. मी दोरी वर ओढली.